काढा लपवू नका, गोळी सोडू नका



२०२१चा उन्हाळा आठवतोय? घराघरात गॅसवर काढ्याचं पातेलं असायचं. आलं, तुळस, दालचिनी, मिरी, गुळवेल. आमच्या बडोद्याच्या सोसायटीत तर सकाळी जिन्यातच वास यायचा. शेजारच्या गुजराती बा या सगळ्याला एकच शब्द वापरतात, 'ओसडियां'. आणि आमची आई पेला हातात देत म्हणायची, "घे गं, काढ्याने कधी कुणाचं वाईट झालंय?"

त्याच वर्षी एका काढ्याच्या नादात आमच्या ओळखीतले एक काका मरता मरता वाचले.

काका म्हणजे बाबांचे जुने मित्र. त्यांचं नाव, त्यांची नोकरी, ते राहतात तो भाग, यातलं काहीच मी सांगणार नाही. त्यांनी मला लिहायची परवानगी दिली ती याच अटीवर. काकांना एचआयव्ही आहे. काकूंना माहीत आहे, आमच्या घरी माहीत आहे, बाकी कुणालाच नाही.

आज आपण बोलणार आहोत एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांबद्दल आणि ते घेत असलेल्या 'दुसऱ्या' औषधांबद्दल. म्हणजे काढे, चूर्णं, भस्मं, होमिओपॅथीच्या गोळ्या, योग, कुणी दिलेली पुडी, कुणी दिलेला अंगारा. "हा विषय आमच्या घरचा नाही" असं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. भारतात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसोबत जगतात आणि त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. ही माणसं कुणाच्या तरी घरातलीच आहेत. आपल्याला माहीत नसतं, एवढंच.

कपाटातल्या सात बाटल्या

काकांची गोळी व्यवस्थित चालू होती. सरकारी रुग्णालयातल्या एआरटी सेंटरमधून ती फुकट मिळते. दिवसाला एक गोळी, रात्री जेवणानंतर. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत दिसणार नाही इतकं खाली आलं होतं. काका चालत बाजारात जायचे, गणपतीत आरतीला टाळ वाजवायचे. बघणाऱ्याला शंकाही आली नसती.

मग ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी एका 'वैद्यां'चा नंबर दिला. (हे वैद्य खरोखर शिकलेले होते का, ते आजही कुणाला ठाऊक नाही.) नव्वद दिवसांचा कोर्स. एक काळपट काढा आणि तीन पुड्या. "मुळापासून बरा करतो" असं वचन आणि एक अट : "इंग्रजी औषधं आधी बंद करा. दोन्ही एकत्र घेतलंत तर आमचं लागू पडणार नाही."

ही अट नीट लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत येऊ.

काकांनी गोळी बंद केली. पण सेंटरला जाणं बंद केलं नाही, कारण गेलं नाही तर तिथून फोन येतो. ते जायचे, बाटल्या घ्यायचे आणि कपाटात काकूंच्या ठेवणीतल्या साड्यांमागे ठेवून द्यायचे. पहिले दोन महिने त्यांना खूप बरं वाटलं. भूक लागली, झोप लागली. "बघ, उगाच इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्या," असं ते बाबांना म्हणाले नाहीत, पण मनात म्हणत होते. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.

दिवाळीच्या साफसफाईत काकूंच्या हाताला बाटल्या लागल्या. सात. सगळ्या सीलबंद. तोवर काकांना रोज संध्याकाळी ताप यायला लागला होता, खोकला थांबत नव्हता, पँट कमरेवर राहत नव्हती. तपासणीत क्षयरोग निघाला. व्हायरल लोड पुन्हा चढलेला.

बरं वाटलं, मग बिघडलं कसं?

मलाही हाच प्रश्न पडला होता. मी इंग्रजीची बीए, विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला. पण हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सोप्या शब्दांत सांगते.

एचआयव्ही आपल्या शरीरातल्या सीडी४ नावाच्या पेशींमध्ये शिरतो. या पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या मुकादम. बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या. विषाणू त्यांच्यात शिरून स्वतःच्या प्रती काढतो आणि हळूहळू या पेशी कमी होत जातात. एआरटीच्या गोळ्या या प्रती काढण्याचं कामच बंद पाडतात. विषाणू वाढला नाही की सीडी४ पेशी पुन्हा वाढतात आणि माणूस सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो.

पण काही विषाणू पेशींच्या आत झोपून राहतात. त्यांच्यापर्यंत आजची गोळी पोचत नाही. म्हणूनच गोळी आयुष्यभर घ्यायची. ती बंद केली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा दिसू लागतो. गंमत अशी, की तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. सीडी४ पेशी खर्ची पडायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात एखादा काढा सुरू असेल, तर सगळं श्रेय काढ्याला जातं. काकांच्या शरीरात त्या दोन महिन्यांत काम करत होती ती आधीच्या वर्षांच्या गोळीची पुण्याई. नाव झालं काढ्याचं.

शिवाय अशा बेनामी पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडने भूक लागते, अंगात तरतरी येते आणि प्रतिकारशक्ती आणखी दबते. काकांच्या पुडीत काय होतं, ते कधीच कळणार नाही. त्यावर लेबलच नव्हतं.

गोळी मध्येच थांबवण्याचं काय होतं, यावर जगात मोठा अभ्यास झालेला आहे. २००६ साली त्याचे निकाल आले. ३३ देशांतले ५,४७२ जण त्यात होते. अर्ध्यांनी उपचार सलग घेतले. उरलेल्यांचे उपचार सीडी४ चांगले असताना थांबवले जात आणि ते उतरले की पुन्हा सुरू केले जात. थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींच्या आसपास निघाला. लक्षात घ्या, तिथे डॉक्टर लक्ष ठेवून होते. आपल्याकडे तर माणूस गुपचूप थांबवतो.

मग लोक काढ्याकडे जातातच का?

"अडाणीपणा, दुसरं काय!" असं म्हणणं सोपं आहे. मीही आधी तसंच म्हणाले होते. पण थोडं मागे जाऊन बघा.

भारतात एचआयव्हीची पहिली प्रकरणं १९८६ साली चेन्नईत सापडली. त्यानंतरची कितीतरी वर्षं इथल्या सामान्य माणसासाठी औषध होतं, पण परवडत नव्हतं. परदेशी कंपन्यांच्या तीन औषधांच्या मिश्रणाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हेच मिश्रण एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, म्हणजे दिवसाला साधारण एक डॉलर. जगभर खळबळ उडाली. आणि सरकारी दवाखान्यात फुकट एआरटी सुरू व्हायला १ एप्रिल २००४ उजाडला.

त्याआधी काय करायचं माणसाने? जे हाताशी होतं ते घेतलं. चेन्नईजवळच्या तांबरममध्ये सरकारी छातीरोग रुग्णालय आहे. तिथे १९९०च्या दशकात एचआयव्हीच्या रुग्णांना सिद्ध पद्धतीची औषधं दिली जात. त्यात अश्वगंधेचं चूर्ण होतं, आवळ्याचा लेह होता. म्हणजे ही काही लपूनछपून चाललेली भोंदूगिरी नव्हती. दुसरं काही देता येत नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी जे होतं ते दिलं. त्या काळात काढ्यावर विसंबलेल्या माणसाला मी तरी हसणार नाही.

आज परिस्थिती बदललीय. २०१७ पासून आपल्याकडे धोरण असं आहे, की तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करायचे. पूर्वीच्या मूठभर गोळ्यांच्या जागी बहुतेकांना आता एकच गोळी असते. तीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं असतात.

तरीही लोक काढ्याकडे जातात. काकांना मी कारण विचारलं. ते म्हणाले, "बेटा, सेंटरवर गेलं की मी पेशंट असतो. त्या माणसाने माझा हात हातात घेऊन पाऊण तास ऐकून घेतलं. आणि बरा होशील म्हणाला. सेंटरवर हे कुणी म्हणत नाही."

खरंय. एआरटीचे डॉक्टर 'बरा होशील' म्हणत नाहीत, कारण ते खोटं ठरेल. जगात आजवर एचआयव्हीतून पूर्ण मुक्त झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना रक्ताच्या कर्करोगासाठी बोनमॅरोचं जोखमीचं प्रत्यारोपण करावं लागलं होतं. तो रोजचा इलाज नव्हे. पण 'बरा होणार नाहीस' याच्या पुढचं वाक्य आपण ऐकतच नाही : 'चांगला जगशील.'

आता त्या अटीबद्दल

"इंग्रजी औषधं बंद करा." ही अट जो घालतो, त्याच्यापासून दूर व्हा. मग तो पांढऱ्या कोटातला असो, भगव्या कफनीतला असो किंवा यूट्यूबवरचा.

या एका वाक्याने काय होऊ शकतं, ते एका अख्ख्या देशाने बघितलंय. दक्षिण आफ्रिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत खुद्द सरकारच एआरटीबद्दल शंका घेत होतं. तिथल्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू खा म्हणून सांगत. औषधं मिळायला उशीर झाला. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला, की या उशिरामुळे ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसं हकनाक गेली. यात लसणीचा आणि बिटाचा काय दोष? दोष होता तो त्यांना औषधाच्या जागी बसवण्याचा.

आपल्याकडे कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. औषधविषयक नियमांना एक यादी जोडलेली आहे, शेड्यूल 'जे'. त्यात दिलेले आजार आमचं औषध बरे करतं किंवा टाळतं, असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत एड्स आहे. म्हणजे 'एड्स मुळापासून बरा' अशी पाटी किंवा जाहिरात दिसली, तर दुसरं काही तपासायचीही गरज नाही.

पण डॉक्टर, मी गोळीसोबतच काढा घेतो...

गोळी न सोडता, जोडीला काहीतरी घेणारी माणसं खूप आहेत. अशा वाचकांना मी "बंद करा" म्हणणार नाही. फक्त कुठे जपायचं, ते सांगते. कारण 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' असं नसतं. धोतराही नैसर्गिकच आहे.

कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं : डोल्युटेग्राविर हे औषध पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमला चिकटून बसतं आणि मग रक्तात नीट उतरत नाही. ॲसिडिटीसाठी घेतो त्या गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. साधारण नियम असा, की एचआयव्हीची गोळी अशा औषधाच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल, तर ती आणि एचआयव्हीची गोळी दोन्ही जेवणासोबत एका वेळी घेतलेल्या चालतात. आता विचार करा, शंखभस्म आणि प्रवाळ म्हणजे कॅल्शियमच. लोहभस्म आणि मंडूर म्हणजे लोहच. नाव संस्कृत असलं म्हणून पोटातली रसायनं बदलत नाहीत. तेव्हा भस्म घेत असाल, तर वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

लसणीच्या कॅप्सूल : फोडणीतली लसूण बिनघोर खा. प्रश्न आहे तो बाटलीतल्या अर्काचा. अमेरिकेत निरोगी माणसांवर केलेल्या एका अभ्यासात लसणीच्या कॅप्सूलने एचआयव्हीच्या एका जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाण सुमारे निम्म्यावर आणलं. ते औषध आज आपल्याकडे सहसा वापरत नाहीत. पण धडा लागू आहे : स्वयंपाकातलं प्रमाण वेगळं आणि अर्काचं प्रमाण वेगळं.

सेंट जॉन्स वर्ट : उदासपणावरची ही परदेशी वनस्पती आता ऑनलाइन सहज मिळते. हिच्यामुळे यकृत काही औषधं नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकायला लागतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीच्या एका औषधाचं प्रमाण हिने निम्म्याहून खाली नेलं होतं. डोल्युटेग्राविरसोबतही ही टाळायलाच सांगतात. एचआयव्हीची गोळी चालू असेल तर ही नकोच.

गुळवेल आणि यकृत : २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. ती वनस्पती गुळवेलच होती का, याची खात्री करायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद असू दे. आपल्यापुरतं एवढं घ्यायचं, की एचआयव्ही असलेल्यांत काहींना कावीळ ब किंवा क-चीही लागण असते, म्हणजे यकृतावर आधीच भार असतो. त्यांनी रोज उकळून पिण्याचं काहीही यकृताच्या तपासणीशिवाय सुरू करू नये.

बेनामी भस्मं आणि मूत्रपिंड : २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. दर पाचात एक. टेनोफोविर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर डॉक्टर लक्ष ठेवूनच असतात. त्यात जड धातूंची भर कशाला? घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, परवाना क्रमांक असलेलं, लेबल असलेलंच घ्या. वर्तमानपत्रात बांधलेली पुडी नको.

आणि हो, हे फक्त देशी औषधांचं नाही बरं का. काकांना क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू केलं. तेही डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण कमी करतं. म्हणून तेवढ्या काळापुरती त्यांना बारा तासांनी डोल्युटेग्राविरची एक जास्तीची गोळी दिली. डॉक्टरांना माहीत होतं म्हणून वाट काढता आली. माहीतच नसतं, तर?

काय खुशाल करावं

आता तुम्ही म्हणाल, ही मुलगी नुसतं घाबरवतेय. तसं नाही. कितीतरी गोष्टी गोळीशी न भांडता तिच्या बाजूने उभ्या राहतात.

योगासनं, प्राणायाम, ध्यान : यांनी विषाणू मरत नाही, पण माणूस सावरतो. मणिपूरमधल्या पुनर्वसन केंद्रांत एचआयव्ही असलेल्या ४४ जणांचा एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात महिनाभर योग करणाऱ्यांचं नैराश्य कमी झालेलं दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यावर इमले बांधायला नकोत. पण ज्याचं मन थाऱ्यावर असतं, तो गोळी विसरत नाही, हे सांगायला अभ्यास कशाला हवा?

पायात मुंग्या येत असतील, तर हलक्या हाताने तेल चोळून घेण्यात काही चूक नाही. (मुंग्या येतात हे मात्र डॉक्टरांना सांगाच.) चौरस आहार, स्वच्छ पाणी, पुरेशी झोप. वरणभात, भाकरी, उसळ, अंडं, ताक. महागड्या प्रोटीन पावडरची गरज नाही. सर्दीला आईच्या हातचा आल्याचा चहा घ्या. देवावर विश्वास असेल तर भजनाला जा, वारीला जा. फक्त पिशवीत गोळ्यांची बाटली ठेवा.

दोन गुपितं

काका परत सेंटरला गेले, तेव्हा बाबा सोबत होते. काका घाबरले होते. आता आपल्याला हाकलून देतील, असं त्यांना वाटत होतं. समुपदेशक ताईंनी सात सीलबंद बाटल्या टेबलावर रांगेत मांडल्या. काही वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "काका, काढा घेतलात म्हणून मी रागावणार नाही. पण मला सांगितलं का नाहीत? सांगितलं असतंत, तर दोन्हीतून काहीतरी मार्ग काढला असता."

काका म्हणाले, "ओरडाल म्हणून."

मला वाटतं, सगळं इथेच अडतं. एचआयव्हीसोबत जगणारा माणूस एक गुपित आधीच सांभाळत असतो, जगापासून लपवलेला आजार. त्यात दुसऱ्याची भर पडते, डॉक्टरांपासून लपवलेला काढा. पहिलं गुपित ठेवणं हा त्याचा हक्कच आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, त्याच्या संमतीशिवाय त्याची स्थिती कुणालाही उघड करता येत नाही. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावही करता येत नाही. पण दुसरं गुपित त्याच्याच जिवावर उठतं.

आणि हे दुसरं गुपित तयार करण्यात आपला सगळ्यांचा हात असतो. "कसले काढे घेता? अक्कल नाही का?" असं एकदा ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. हे डॉक्टरांना लागू आहे, तसंच घरच्यांनाही.

म्हणून माझी दोन्हीकडच्या लोकांना विनंती.

तुम्ही स्वतः एचआयव्हीसोबत जगत असाल, तर पुढच्या वेळी सेंटरला जाताना जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून न्या. काढा, चूर्ण, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, जिममधली पावडर, कॅल्शियम. टेबलावर ठेवा आणि एवढंच विचारा : "यातलं माझ्या गोळीसोबत काय चालेल आणि किती वाजता घेऊ?" वैद्यांकडे जात असाल, तर त्यांनाही एचआयव्हीच्या गोळीचं नाव सांगा. चांगला वैद्य ती बंद करायला सांगणार नाही. आणि काही कारणाने गोळी सुटली असेल, तर लाजू नका. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करण्याआधी सेंटरला जाऊन सांगा. गोळी अधूनमधून घेतली तर विषाणू तिला सरावतो, मग दुसरी औषधं शोधावी लागतात. जितक्या लवकर सांगाल, तितकं सोपं. सेंटरला जाण्याआधी काही विचारायचं असेल, तर १०९७ हा सरकारी मदत क्रमांक आहे. फोन फुकट आहे.

तुम्ही घरचे असाल, तर व्हॉट्सॲपवर आलेला 'रामबाण उपाय' पुढे पाठवण्याआधी थांबा. कुटुंबाच्या ग्रुपमध्ये तो कोण वाचतंय, ते तुम्हाला माहीत नसतं. आमच्या घरातून कुणी काकांना असं काही पाठवलं नव्हतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अजून एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. गोळी रोज घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. हा दिलासा देण्यापुरता म्हटलेला शब्द नाही. २०११ साली ज्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने याचा भक्कम पुरावा दिला, त्यात पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही सामील होती. पुढच्या अभ्यासांनी ते आणखी पक्कं केलं. म्हणजे रोजची ती एक गोळी स्वतःला सांभाळते आणि शेजारी झोपलेल्या माणसालाही. असं काम करणारा काढा अजून कुठे उकळलेला नाही.

काका आता ठीक आहेत. क्षयरोगाचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला, व्हायरल लोड पुन्हा खाली गेला. रात्री नऊला मोबाइलचा गजर वाजतो. काकू पाण्याचा पेला आणतात आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. मागच्या पावसाळ्यात काकांना सर्दी झाली, तेव्हा त्यांनी सेंटरला फोन करून विचारलं, "आलं-तुळशीचा काढा घेऊ का?"

पलीकडून ताई हसल्या म्हणे. "घ्या की काका. आणि गोळी?"

"ती तर घेतोच."

आमच्या घरीही काढा अजून होतो. आई अजून तेच म्हणते, "काढ्याने कधी कुणाचं वाईट झालंय?" मी पेला घेते आणि म्हणते, "काढ्याने नाही गं आई. लपवल्याने."

भेटूया पुढच्या लेखात. तोवर स्वतःची आणि एकमेकांची काळजी घ्या.

(या लेखातली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या औषधांत कोणताही बदल एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना विचारूनच करा.)